कपाटातील पांढरा दगड

मी ज्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, तेथील प्रयोगशाळेत काचेच्या दारांचे एक जुने कपाट आहे. त्यात भंडारा जिल्ह्यात पिकणाऱ्या धानाच्या निरनिराळ्या जाती बाटल्यांत भरून ठेवलेल्या होत्या. तुमसर तालुक्यातील चिखल्याच्या खाणीतून आणलेला मँगनीजचा काळा, जड दगड होता. धामणीची एक लांबलचक कात होती. आणि सर्वांत वरच्या फळीवर फुलकोबीच्या गड्ड्याएवढा एक पांढराशुभ्र दगड होता. त्याच्या सर्वांगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक खळगे होते आणि प्रत्येक खळग्यात चांदणीसारख्या रेषा कोरलेल्या दिसत. दगडाखाली कोणा जुन्या शिक्षकाने वळणदार अक्षरांत एक चिठ्ठी चिकटविली होती : ‘समुद्रपुष्प’.

दरवर्षी नवा वर्ग प्रयोगशाळेत आला की मी तो दगड खाली काढून मुलांच्या हाती देत असे. ‘‘हे पाहा, समुद्राच्या तळाशी उमलणारे दगडी फूल!’’ असे मी सांगे. मी भाषेचा शिक्षक. त्या शब्दाचीच मला गोडी अधिक. एकदा एका मुलाने दगड उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, ‘‘गुरुजी, हे फूल असेल, तर याचा देठ कोठे आहे?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि दगड पुन्हा फळीवर ठेवून दिला. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मिळाले. ते कोठे व कसे मिळाले, तेच येथे सांगावयाचे आहे.

आमचा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे; परंतु पाण्याला तो परका नाही. त्याला तलावांचा जिल्हाच म्हणतात. धानाच्या बांध्यांना पाणी मिळावे म्हणून कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी पूर्वीच्या काळी येथे गावोगाव तलाव बांधले. ढीवर बांधव आजही डोंग्यात बसून त्यांत जाळी टाकतात. अशाच एका गावतलावात मी लहानपणी पोहावयास शिकलो. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, हे तुम्हांस ठाऊक असेल. तो तोंडात धरावयाचा, नाक चिमटीत दाबावयाचे आणि डोके पाण्याखाली न्यावयाचे. कोण अधिक वेळ राहतो, अशी आमची पैज लागे. दोन देठ एकात एक खोचून आणखी खाली जाऊ लागलो, की मात्र छातीवर कोणी बसल्यासारखे होई आणि वारा आत ओढलाच जात नसे. असे का होते, हे तेव्हा आम्हांला उमगले नाही. डोळे उघडून पाहावे, तर तलावाच्या पाण्यात हिरवट अंधाराशिवाय काहीच दिसत नसे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका डिसेंबर महिन्यात मी माझ्या बारा वर्षांच्या नातीला घेऊन मालवणास गेलो. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तो तट चहूबाजूंनी लाटा झेलीत उभा आहे. भोवताली खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, हे पाहून नातीला फार नवल वाटले. आम्हांला मात्र किल्ल्याखेरीज आणखी काही पाहावयाचे होते. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर, पाण्याखाली, प्रवाळांची वस्ती आहे. हा सारा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

आम्हांला एक वृद्ध तांडेल भेटला. यंत्राच्या नौका सर्वत्र झाल्या असताही त्याने आपली जुनी शिडाची होडी हौसेने जपली होती. होडीच्या एका अंगाला, पाण्यावर तरंगणारे एक लाकूड दोन आडव्या दांड्यांनी जोडलेले होते. त्याला उलांडी म्हणतात. तिच्यामुळे होडी कलंडत नाही. आम्ही उद्याच निघू म्हणालो, तर तांडेलाने मान हलविली. ‘‘गुरुजी, अष्टमीक या. भांगाचा पाणी नितळ आसता.’’

त्याच्या त्या एका वाक्यात भूगोलाचा अर्धा धडा होता. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन समुद्राचे पाणी ओढतात. त्या वेळी भरती मोठी आणि ओहोटीही मोठी; त्याला उधाण म्हणतात. उधाणाचे पाणी तळचा गाळ ढवळून काढते. अष्टमीच्या सुमारास त्या दोघांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते. पाण्याची चढउतार थोडी, त्यामुळे गाळही बसलेला. हा भांग. तांडेलाने काटकोनाचा उच्चार कधी केला नसेल. पण पाणी केव्हा निवळते, हे त्याला तिथीवरून समजत होते.

अष्टमीला सूर्योदयानंतर आम्ही निघालो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. या मतलई वाऱ्याने आमचे शीड भरले आणि होडी आवाज न करता किल्ल्याकडे सरकू लागली. दुपारी जमीन तापली, की उलट दिशेने खारा वारा सुटेल व तोच आपल्याला परत आणील, असे तांडेल म्हणाला. खडकांजवळ येताच त्याने शीड उतरविले; परंतु नांगर काही टाकला नाही. तेथे आधीपासून बांधलेल्या एका तरंगत्या पिंपाला त्याने होडीचा दोर अडकविला. नांगर का टाकला नाही, हे मी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

आम्हां दोघांना त्याने तरंगविणारी जाकिटे घातली, डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा बसविला आणि तोंडात एक वाकडी नळी दिली. या नळीला स्नॉर्केल म्हणतात. तिचे एक टोक तोंडात व दुसरे पाण्याच्या वर. तोंड पाण्यात ठेवून पालथे तरंगत राहावयाचे आणि नळीतून श्वास घ्यावयाचा. ती नळी पाहताच मला पपईचा देठ आठवला. नळी हातभर सुद्धा लांब नव्हती. जसजसे खोल जावे, तसतसा पाण्याचा दाब छातीवर वाढतो. आणि छातीचे स्नायू त्या दाबाविरुद्ध फुगून वरची हवा खेचू शकत नाहीत. म्हणूनच नळी आखूड ठेवतात. आमच्या जोडलेल्या देठांचे कोडे पन्नास वर्षांनी असे सुटले. मुखवट्याचे कामही समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात उघड्या डोळ्यांना सर्व धूसर दिसते, कारण डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा हवेतून आलेल्या प्रकाशकिरणांना वळविण्यासाठी घडलेला आहे. मुखवट्यामुळे डोळ्यापुढे हवेचा थर राहतो आणि दृष्टी स्वच्छ होते. वस्तू मात्र असते त्याहून थोडी मोठी व जवळ दिसते. माझ्या नातीने एक मासा धरावयास हात पुढे केला, तेव्हा तो तिच्या हातापासून वीतभर दूर होता.

पाण्यात तोंड घातले आणि प्रथम आवाज ऐकू आला. तापल्या वाळूत धानाच्या लाह्या फुटाव्यात, तसा सारखा तडतड आवाज. खडकांच्या फटींत राहणारी एका जातीची लहान कोळंबी आपली नांगी फटकन मिटते, त्याचा तो आवाज होता, हे मागाहून कळले. मग डोळे सरावले. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेल्या माशांचा थवा आमच्याकडे मुळीच लक्ष न देता निघून गेला. एक निळसर-हिरवा मासा पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी खडक खरवडीत होता. काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू फटींत दडून बसले होते. खरे सांगावयाचे, तर मी चित्रांत पाहिले होते तसे लाल-जांभळे बाग तेथे नव्हते. पाणी काचेसारखे नव्हते. सात-आठ हातांपलीकडे सारे पुसट होई. खडकांवर मातकट, तपकिरी, हिरवट रंगांचे गोल गड्डे मात्र जागोजागी बसलेले होते. मी पांढरे समुद्रपुष्प शोधीत होतो, आणि ते कोठेच दिसेना.

इतक्यात एक लाट नळीत शिरली. खारट पाणी घशात गेले, ठसका लागला आणि मी घाबरून गेलो. खाली पाहिले, तर कमरेइतक्या खोलीवर एक रुंद, तपकिरी गड्डा होता. त्यावर उभे राहावे, म्हणून मी पाय खाली सोडले.

‘‘गुरुजी, पाय टेकू नकात!’’ तांडेल होडीतून ओरडला. ‘‘ता जिवंत आसा!’’

मी गुडघे पोटाशी घेतले व कसाबसा उलांडीला जाऊन लटकलो. धाप ओसरल्यावर पुन्हा पाण्यात तोंड घातले आणि ज्यावर मी उभा राहणार होतो, तो गड्डा अगदी जवळून पाहिला. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक खळगे होते. प्रत्येक खळग्यात चांदणीसारख्या रेषा होत्या. आकार आमच्या कपाटातल्या दगडाचाच; परंतु खळग्यांवरून एक ओलसर, तपकिरी-हिरवी, मऊ कातडी पसरलेली होती. मग माझ्या ध्यानात आले. मी इतकी वर्षे मुलांच्या हाती दिले, ते फूल नव्हते. तो सांगाडा होता.

मुलांनो, प्रवाळ हा प्राणी आहे. त्या गड्ड्यावरील प्रत्येक खळग्यात एक इवलासा जीव राहतो. त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक जातींत तो काही मिलिमीटरांहून मोठा नसतो. त्याचे शरीर पिशवीसारखे असते, वरच्या बाजूला तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे बारीक तंतू. बहुधा रात्री तो हे तंतू पसरून पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांपासून तो आपल्या बुडाखाली चुन्याची बैठक रचतो. पुष्कळ पॉलिप एकमेकांस जोडून राहतात, वाढतात, आणि खालचा चुना साचत जातो. गोल गड्ड्यांच्या जाती वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. आमच्या कपाटातील गड्डा तेवढा होण्यास दहा-वीस वर्षे तरी लागली असली पाहिजेत.

चिठ्ठी लिहिणाऱ्या त्या जुन्या शिक्षकांना मी आता हसत नाही. त्यांच्या आधी फार मोठे विद्वान याच ठिकाणी चुकले होते. अंगठीत बसवितात ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्रात होते. १७०६ च्या सुमारास मार्सिली नावाच्या एका इटालियन पंडिताने ताज्या पोवळ्याची फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळाने तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली! पोवळे ही वनस्पती असल्याचे सिद्ध झाले, असे सर्वांस वाटले. पुढे पेसोनेल या फ्रेंच वैद्याने तीच ‘फुले’ धीराने पाहिली आणि ते प्राणी आहेत, असे पॅरिसच्या विद्वानांना कळविले. त्यांना ते पटले नाही. काही वर्षे गेल्यावर पेसोनेलचे म्हणणे खरे ठरले.

तरीही वनस्पती या गोष्टीतून अगदीच बाहेर जात नाही. उथळ पाण्यातील प्रवाळांच्या मऊ कातडीत अतिसूक्ष्म शैवाल वस्तीला असते. पॉलिप त्याला राहावयास जागा देतो. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा घरमालकाला देते. मी पाहिलेला तपकिरी-हिरवा रंग या शैवालाचाच होता. शैवालाला ऊन हवे, म्हणून असे प्रवाळ उबदार, उथळ व स्वच्छ पाण्यात वाढतात. येथे आपल्या तलावांची आठवण मला पुन्हा झाली. तलावातला गाळ आपण उन्हाळ्यात गाड्या भरभरून बांधीत नेऊन टाकतो. धानाला तो खत होतो. पण पावसाळ्यात नद्यांनी समुद्रात आणलेला तोच गाळ प्रवाळांवर बसला, तर त्यांचे ऊन अडते व श्वासही कोंडतो. मालवणच्या किनाऱ्यावर चार महिने गढूळ पाणी येते. म्हणून येथे प्रवाळ खडकांच्या आधाराने तुकड्यातुकड्यांत तगून आहेत. जेथे मोठ्या नद्या नाहीत, त्या लक्षद्वीपात त्यांनी बेटेच्या बेटे उभारली आहेत.

दुपारी खारा वारा सुटेपर्यंत आम्ही होडीतच बसलो होतो. बेटांची गोष्ट निघाली, तेव्हा मी नातीला चार्ल्स डार्विन याच्या सफरीची हकिकत सांगितली. डार्विन ‘बीगल’ नावाच्या शिडाच्या जहाजातून १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे पृथ्वीप्रदक्षिणा करीत होता. १८३६ च्या एप्रिलमध्ये जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांशी थांबले. मध्ये उथळ, शांत पाणी आणि त्याभोवती कड्यासारखी वर्तुळाकार प्रवाळभूमी, अशी ती बेटे आहेत. तेव्हा पाण्यात पाहावयास मुखवटे नव्हते. मग तळाशी काय आहे, हे कसे कळावे? कप्तान फिट्झरॉय याने दोरीच्या टोकाला शिशाचे वजन बांधले, वजनाच्या बुडाला चरबी माखली आणि ते खाली सोडले. उथळ पाण्यात चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटून येत आणि वाळूचा कण नसे. खोली वाढत गेली, तसे ठसे विरळ झाले व वाळू अधिक चिकटू लागली. म्हणजे प्रवाळ वरच्या उजेडाच्या पाण्यातच जगतात. पण बेटापासून सुमारे दोन किलोमीटरांवर ७,२०० फूट दोरी सोडूनही तळ लागला नाही!

‘‘मग उथळ पाण्यात राहणाऱ्यांनी इतक्या खोलातून बेट बांधले कसे?’’ नातीने विचारले.

डार्विनलाही हाच प्रश्न पडला होता. त्याने असे अनुमान केले, की मुळात तेथे ज्वालामुखीचे बेट असावे व त्याच्या किनाऱ्याने प्रवाळ वाढले असावेत. बेट हळूहळू खचत गेले. प्रवाळ मात्र जुन्या सांगाड्यांवर नवे घर बांधीत उजेडाकडे चढत राहिले. शेवटी बेट बुडाले आणि प्रवाळांचे कडे तेवढे उरले. १८४२ साली त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. खरेखोटे पाहण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटोक बेटावर खोल छिद्र पाडण्यात आले. सुमारे १,४०० मीटर चुनखडी भेदल्यावर खाली ज्वालामुखीचा काळा खडक लागला.

नात बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. नंतर तिने हळूच आपली मूठ उघडली. तिच्या हातात बोटाएवढा प्रवाळाचा एक तुकडा होता. तळाशी पडलेला सापडला, शाळेत दाखवावयास हवा, असे ती म्हणाली. तांडेल रागावला नाही. तुकड्याची ताजी तुटलेली कड त्याने आम्हांला दाखविली. कोणाचा तरी नांगर त्यावरून फरफटत गेला होता. आता पिंपाचे कारण मला विचारण्याची गरज उरली नाही. दगडी प्रवाळांना २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीचे स्थान आहे, त्यामुळे असा तुकडा नेता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने तो होडीच्या कडेवरून पाण्यात सोडला. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखे अधिक काही नव्हते. कारण घटकाभरापूर्वी मी स्वतः दोन्ही पायांनी त्यांवर उभा राहावयास निघालो होतो.

तांडेल मग बोलू लागला. काही वर्षांपूर्वी एका कडक उन्हाळ्यात येथील कित्येक गड्डे चुना फासल्यासारखे पांढरे पडलेले त्याने पाहिले होते. त्याला वाटले, रोग आला. तो रोग उष्णतेचा होता. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दोन अंशांनी जरी कित्येक आठवडे तापलेले राहिले, तरी पॉलिप व शैवाल यांचा सहवास मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते. पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवले, तर शैवाल परत येते. न निवले, तर पॉलिप उपाशी मरतात. १९९८ साली जगभर असे घडले, त्यात लक्षद्वीपचे प्रवाळही होरपळले. २०१० व २०१६ साली पुन्हा तेच झाले. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक स्वरूपाचे चौथे संकट चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. कोळसा व तेल जाळून आपण हवा तापवितो. त्या उष्णतेचा फार मोठा भाग समुद्र आपल्या पोटात घेतो. भंडाऱ्यात पेटलेल्या शेगडीचाही त्यात कणभर वाटा आहे.

मालवणात प्रवाळांची पुनर्लागवड करण्याचा प्रयत्नही झाला आहे. तुटलेले जिवंत तुकडे गोळा करून ते समुद्रतळावर ठेवलेल्या काँक्रीटच्या चौकटींवर बांधतात. आपण धानाचे पऱ्हे उपटून बांधीत रोवणी करतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की धान चार महिन्यांत कापणीस येते. तांडेलाला मी विचारले, लागवड किती जगेल? त्याने शिडाचा दोर सोडला व आकाशाकडे पाहिले. खारा वारा सुटला होता.

भंडाऱ्यास परतल्यावर मी नातीसह जुन्या शाळेत गेलो व विज्ञानाच्या शिक्षकांना सारी हकिकत सांगितली. कपाट उघडले. दगड हातात घेतला, तेव्हा तो मला पूर्वीपेक्षा हलका वाटला. जुनी चिठ्ठी आम्ही फाडली नाही. तिच्याखाली दुसरी लावली. नातीने तीवर लिहिले : ‘प्रवाळाचा सांगाडा. हा प्राणी आहे.’ त्याखाली कोठून आणला व केव्हा आणला, असे दोन रकाने तिने आखले. शाळेच्या जुन्या नोंदवह्या आम्ही चाळल्या, पण त्यांत त्याचा उल्लेख सापडला नाही. ते दोन्ही रकाने अजून कोरेच आहेत.